मसाला वाढवण्याआधी पाणी काढा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : मांस, अंडी, दूधदुभते यांतले काहीही न वापरता केलेले चमचमीत स्टार्टर मांस आवडीने खाणाऱ्यांच्या पसंतीला कसे उतरतील? सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. प्रमाणांमध्ये मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि लहान चमचा म्हणजे ५ मिली, दोन्ही सपाट भरलेले.

प्रश्न : सोया चंक्सचे कबाब करते. मसाला दुप्पट करून पाहिला, तरी मांस खाणारी मंडळी एक तुकडा घेऊन थांबतात. ‘सोयाचा वास येतो’ आणि ‘कोरडे लागतात’ ही दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा मसाल्याशी संबंध नाही. मसाला वाढवल्याने वास झाकला जात नाही, फक्त तिखट आणि सोयाचा वास असे दोन्ही एकदम जाणवू लागतात.

आधी वास. सोयाबीन दळताना त्यातले एक विकर (एन्झाइम) तिथल्या तेलावर काम करते आणि कच्च्या शेंगेसारखा उग्र वास असलेली द्रव्ये तयार होतात. चंक्स तेल काढलेल्या सोयापिठापासून बनतात, तरी हा वास थोडा मागे राहतोच. कोमट पाण्यात भिजवून एकदा पिळल्याने तो जात नाही. १०० ग्रॅम चंक्ससाठी दीड लिटर पाणी खळखळ उकळा. त्यात लहान चमचाभर मीठ, मोठा चमचाभर व्हिनेगर आणि आल्याच्या चार-पाच चकत्या टाका. चंक्स ५ ते ६ मिनिटे उकळून निथळा, थंड पाण्यात बुडवा आणि पिळा. पुन्हा स्वच्छ पाणी घ्या, पुन्हा पिळा. दुसऱ्या वेळचे पाणी पहिल्यापेक्षा स्पष्ट नितळ दिसले पाहिजे. दिसले नाही तर तिसऱ्यांदा करा.

आता वजन करा. शेवटचे पिळणे दोन्ही तळव्यांत दाबून, जोर लावून करायचे. कोरडे १०० ग्रॅम असतील तर पिळल्यावर २२० ते २५० ग्रॅम भरायला हवेत. काटा ३०० च्या पुढे गेला तर आत अजून पाणी आहे, आणि त्या पाण्याने व्यापलेल्या जागेत तुमचे मुरवण (मॅरिनेड) शिरणार नाही. चंक्स म्हणजे स्पंज. त्यातून जेवढे पाणी काढाल तेवढीच जागा चवीसाठी मोकळी होते.

मग कोरडेपणा. चंक्समध्ये प्रथिने जवळपास निम्मी असतात, पण स्निग्धांश नाममात्र. मांसाच्या खिम्यात चरबी असते. ती शिजताना वितळते, मसाल्याचा वास धरते आणि घास ओला ठेवते. ती उणीव तुम्हालाच भरून काढायची आहे. १०० ग्रॅम कोरड्या चंक्समागे ३ मोठे चमचे तेल आणि ३० ग्रॅम काजूची वा अक्रोडाची घट्ट पेस्ट, यापेक्षा कमी नको. तेल वाचवून केलेला सोया कबाब दुसऱ्यांदा कोणी मागत नाही.

पुढची कृती अशी. पिळलेले चंक्स २ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, २ लहान चमचे आले-लसूण वाटण, वरचे तेल आणि कोरडे मसाले यांत अर्धा तास मुरवा. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ शेवटी चाखून घाला. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. खिम्यासारखे दाणे दिसले की थांबा. पेस्ट झाली तर चावा गेला. त्यात नट्सची पेस्ट, तांबूस तळून चुरलेला कांदा ८० ग्रॅम, कोरडे भाजलेले बेसन ३ मोठे चमचे, आणि १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटे भिजवून तयार झालेला बुळबुळीत गोळा घाला. पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. ३० ग्रॅमचे पंधरा-सोळा कबाब होतील. जाड बुडाच्या पॅनमध्ये मध्यम आचेवर प्रत्येक बाजू ३ ते ४ मिनिटे भाजा.

उकडलेला बटाटा घालायचा मोह होतो, कारण त्याने मिश्रण पटकन वळते. घालू नका. बटाट्याने कबाबचे कटलेट होते. मांस खाणाऱ्याला दाताखाली जो प्रतिकार हवा असतो तो नेमका तिथेच संपतो.

प्रश्न : ओव्हनमध्ये मशरूम टिक्का केला की ट्रेमध्ये पाण्याचे तळे साचते. मसाला त्यात उतरतो आणि मशरूम सुरकुततात.

मशरूममध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. मीठ आणि आंबट असलेले मुरवण आधी लावले की ते पाणी बाहेर खेचले जाते, आणि ओव्हनची सारी उष्णता ते उडवण्यात खर्च होते. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. भाजल्याचा खमंग रंग आणि वास देणारी प्रक्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने होते. म्हणजे तुमचे मशरूम भाजलेच जात नव्हते, स्वतःच्याच पाण्यात शिजत होते.

क्रम उलटा करा. ५०० ग्रॅम मशरूम ओल्या कापडाने पुसा आणि मोठे असतील तर दोन भाग करा. फक्त १ मोठा चमचा तेल चोळून, मीठ न लावता, आधीच तापवलेल्या ट्रेवर एकमेकांना न टेकवता पसरा. २३० अंशांवर १२ ते १५ मिनिटे ठेवा. सुटलेले पाणी ओतून घ्या, पण फेकू नका. त्याचा उपयोग पुढे आहे. आता मशरूमना मुरवण लावा आणि आणखी ६ ते ८ मिनिटे, कडा काळपट होईपर्यंत भाजा.

ही पद्धत मशरूमच्या बाबतीत निर्धास्त वापरता येते, कारण त्यांच्या पेशींच्या भिंती कायटिन या चिवट द्रव्याच्या असतात आणि जास्त वेळ शिजवूनही त्यांचा गाळ होत नाही. वांग्यावर किंवा दुधी भोपळ्यावर एवढी उष्णता एवढा वेळ चालवली तर हाती लगदा येईल.

दह्याशिवाय मुरवण कसे करायचे, असेही अनेकांनी विचारले आहे. १०० मिली घट्ट नारळाचे दूध, कोरडे भाजलेले बेसन २ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा, मोहरीचे किंवा साधे तेल १ मोठा चमचा, आले-लसूण वाटण, मसाले आणि मीठ. बेसन भाजलेलेच हवे; कच्च्या बेसनाचा वास थोड्या वेळच्या भाजण्यात जात नाही. मुरवण चमच्याच्या पाठीला चिकटून राहिले पाहिजे. ओघळत असेल तर आणखी अर्धा चमचा बेसन घाला.

बाजूला ठेवलेले मशरूमचे पाणी पॅनमध्ये आटवून दोन चमचे उरवा आणि मुरवणात मिसळा. त्यात ग्लुटामेट असते. याच द्रव्यामुळे येणारी भरदार चव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून वेगळी काढली आणि तिला ‘उमामी’ असे नाव दिले. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट नावाचे दुसरे द्रव्य असते. ही दोन एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक वाढते. म्हणून ५ ग्रॅम वाळके शिताके पूड करून मुरवणात टाकणे हा सर्वांत कमी श्रमाचा आणि सर्वांत मोठा बदल आहे. टोमॅटो पेस्ट, सोया सॉस आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) हेही ग्लुटामेटचेच साठे आहेत. ‘काहीतरी कमी वाटते, पण काय ते सांगता येत नाही’ अशी दाद मिळते तेव्हा उणीव बहुधा याचीच असते.

प्रश्न : हरभऱ्याचे गोळे तेलात सोडले की फुटतात. बेसन वाढवले तर पिठाळ आणि दडदडीत होतात.

हरभरे उकडून घेत असाल तर कारण तेच आहे. उकडल्यावर त्यांतला स्टार्च आधीच पाणी पिऊन फुगलेला असतो. तळताना गोळा बांधून ठेवण्याचे काम करायला तो उरत नाही. भिजवलेले कच्चे हरभरे भरडले तर त्यांतला स्टार्च तेलातच शिजतो आणि गोळा आतून घट्ट धरतो.

२५० ग्रॅम कोरडे हरभरे भरपूर पाण्यात १२ ते १८ तास भिजवा. चाळणीत निथळून कापडावर अर्धा तास पसरा. पृष्ठभागावरचे पाणी हेच फुटण्याचे दुसरे कारण असते. अर्धा कांदा, लसूण, भरपूर कोथिंबीर, २ लहान चमचे जिरेपूड, २ लहान चमचे धणेपूड आणि दीड लहान चमचा मीठ घालून रवाळ वाटा. चिमटीत दाबले की मिश्रण चिकटले पाहिजे, पण दाणा दिसलाही पाहिजे. तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

तेल १७५ अंशांच्या आसपास हवे. तापमापक नसेल तर ब्रेडचा लहान तुकडा टाका. तो साधारण मिनिटभरात सोनेरी झाला तर तेल तयार आहे. आधी एकच गोळा तळून पाहा. फुटला तर मिश्रण आणखी थोडे बारीक वाटा, आणि त्यानंतरही फुटला तरच मोठा चमचाभर बेसन घाला. एका वेळी कढईचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग भरला की तेल थंड पडते, आवरण वेळेत कडक होत नाही आणि गोळा तेल पितो. बहुतेक ‘तेलकट’ पदार्थ कमी तापलेल्या तेलातले असतात.

प्रश्न : कच्चा फणस की टोफू? मांसाच्या जवळचे काय?

धाग्यांच्या बाबतीत फणस जवळचा, पोटभरीच्या बाबतीत टोफू. कच्च्या फणसात प्रथिने अगदी कमी असतात. नुसत्या फणसाचे स्टार्टर खाऊन अर्ध्या तासात भूक लागते आणि मग ‘हे काही खरे नाही’ असे मत बनते. फणस करणार असाल तर सोबत शेंगदाण्याची किंवा चण्याच्या पेस्टची घट्ट चटणी ठेवा.

फणस कोवळा हवा, बिया मऊ असलेला. चीक फार चिकट असतो, म्हणून हाताला आणि सुरीला तेल लावून कापा. तुकडे मीठ-हळदीच्या पाण्यात कुकरला एक शिटी देऊन लगेच वाफ सोडा. दोन-तीन शिट्ट्या झाल्या तर धागे विरघळतात. काट्याने धागे सोडवा, कापडात पिळा आणि मग तेलावर कडा तांबूस होईपर्यंत काहीही न घालता परता. मसाला त्यानंतर. डब्यातला घेणार असाल तर खारवलेला घ्या, पाकातला नको.

टोफूत मुरवण शिरत नाही ही सार्वत्रिक तक्रार आहे. टोफू पाण्याने भरलेला असतो आणि तुम्ही वरून तेल असलेले मुरवण लावता. तेल बाहेरच राहते. ४०० ग्रॅम घट्ट टोफूचे तुकडे करा. लिटरभर उकळत्या पाण्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवून ते तुकड्यांवर ओता आणि १५ मिनिटे ठेवा. गरम मिठाच्या पाण्याने आतले पाणी बाहेर येते आणि तुकडा आतपर्यंत खारवला जातो. निथळून कापडावर कोरडा करा. मुरवण सोया सॉस, व्हिनेगर, आले आणि लसूण यांचे, तेलाविना. तळायच्या क्षणी ३ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि १ मोठा चमचा तांदळाची पिठी यांत घोळवा. घोळवून पाच मिनिटे जरी ठेवला तरी पिठाची खळ होते.

चिवट, मांसल चावा हवा असेल तर टोफू आधी रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवा. बर्फाचे स्फटिक आत पोकळ्या पाडतात. वितळल्यावर तळव्यात दाबून पिळा, हाताने ओबडधोबड तोडा आणि मग मुरवा. सुरीने कापलेल्या गुळगुळीत चौकोनांपेक्षा तोडलेले तुकडे मसाला जास्त धरतात आणि कडांना कुरकुरीतही होतात. आमच्या मते टोफूचा हाच सर्वोत्तम प्रकार आहे.

प्रश्न : कोणते मसाले घातले की मांसाहाराची आठवण होते?

जे मसाले मांसाबरोबर नेहमी खाल्ले जातात, ते. ही आठवणीची जोडी असते आणि तिचा उपयोग करून घ्यायला काहीच हरकत नाही. जाडसर कुटलेली काळी मिरी, धणे, लवंग, जायपत्री, आणि विशेषतः काळी मोठी वेलची. ही वेलची परंपरेने विस्तवाच्या धुरावर वाळवतात, त्यामुळे तिला स्वतःचाच धुरकट वास असतो. अर्धा किलो मिश्रणाला दोन वेलच्यांचे दाणे पुरतात. बडीशेप आणि मिरी एकत्र आली की सॉसेजची आठवण होते. चक्रीफुलाची एकच पाकळी कांद्याबरोबर तेलात परतली तर कांद्याची गोडसर चव मांसाच्या रश्श्याकडे झुकते. पूर्ण फूल घातले तर मात्र औषधी वास येतो.

मसाल्यांचे सुगंध मुख्यतः तेलात विरघळतात. कोरडे मसाले तसेच मिश्रणात ढकलण्यापेक्षा मंद आचेवरच्या तेलात ३० सेकंद फुलवून ते तेल मिश्रणात घाला. पूड लगेच करपते, म्हणून पॅन आधीच उतरवून ठेवला तरी चालतो. गरम मसाला निम्मा मिश्रणात आणि निम्मा भाजून झाल्यावर वरून भुरभुरा.

तिखटाला आवर घाला. जीभ भाजू लागली की मघाशी मेहनतीने आणलेली उमामी चव जाणवत नाही. तिखट कमी करून शेवटी लिंबू पिळले तर पदार्थ अधिक मसालेदार वाटतो.

आणि धूर. लाकडी कोळशाचा लहान तुकडा लालभडक करा, भाजलेल्या कबाबांच्या भांड्यात धातूची वाटी ठेवून तीत तो ठेवा, वर अर्धा लहान चमचा तेल सोडा आणि झाकण लावा. ४ मिनिटे पुरेत. दहा मिनिटांत कडवटपणा येतो. पटकन पेटण्यासाठी रसायन लावलेला कोळसा वापरू नका. खिडक्या उघड्या असल्याच पाहिजेत, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो. हे जमण्यासारखे नसेल तर लहान चमचाभर धुरावलेली पाप्रिका घाला.

प्रश्न : मांसाच्या पाककृतीतली कच्ची पपई सोया-मशरूमलाही लावावी का?

नको. पपईतले विकर मांसातली प्रथिने तोडून ते मऊ करते. इथे मऊ करण्याजोगे काही नाही. उलट चावा टिकवण्यासाठी आपण धडपडत आहोत. काजू, आले, लसूण ठेवा आणि पपई गाळा.

प्रश्न : तीस जणांसाठी करायचे आहे. आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल? आणि कुरकुरीतपणा कसा टिकवायचा?

पुढे पूर्ण जेवण असेल तर माणशी ३० ग्रॅमचे चार-पाच नग धरा, म्हणजे सुमारे दीडशे नग. तीन प्रकार पुरेत : एक भाजलेला, एक तळलेला, एक धुरावलेला. पाच-सहा प्रकारांत प्रत्येकाची चव सांभाळता येत नाही.

सोया कबाब आदल्या दिवशी वळून, ट्रेवर सुटे गोठवून, मग पिशवीत भरा. न वितळवताच मंद-मध्यम आचेवर, झाकण न ठेवता, नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटे जास्त भाजा. वितळू दिले तर त्यांना पाणी सुटते आणि ते फुटतात. हरभऱ्याचे मिश्रण मीठ न घालता ठेवा. मीठ तळण्याआधी मिसळा. टोफू मुरवून ठेवता येतो, घोळवून नाही. मशरूम मात्र त्याच दिवशी.

तळलेले पदार्थ कागदावर ढीग करून ठेवले की खालच्या थराला वाफ लागते. जाळीवर एका थरात, झाकण न लावता, १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले तर अर्धा तास छान राहतात. एअर फ्रायर वापरणार असाल तर ब्रेडचा चुरा आधीच थोड्या तेलावर सोनेरी परतून घ्या आणि मग कबाब त्यात घोळवून १९० अंशांवर १२ ते १४ मिनिटे ठेवा. कच्च्या चुऱ्याला तिथे रंग येत नाही, तो पांढुरका आणि खडबडीत राहतो. शिजवलेले पदार्थ साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

प्रश्न : मांस नाही हे खाऊन झाल्यावर सांगितले तर चालेल का? आधी सांगितले की लोक हातच लावत नाहीत.

आधीच सांगा. सोया, गहू, काजू, अक्रोड, शेंगदाणे, तीळ, मोहरी यांची अॅलर्जी असणारे लोक असतात आणि चिकन समजून खाणारा माणूस सोयाबद्दल विचारणार नाही. सोया सॉसमध्ये बहुधा गहूही असतो, हे विशेष लक्षात ठेवा. प्रत्येक ताटाशेजारी घटकांची चिठ्ठी ठेवा.

नाव देताना ‘चिकनसारखे’ असे म्हणू नका. असे म्हटले की खाणारा तुलना करू लागतो आणि तुलनेत काहीतरी कमी सापडतेच. ‘धुरावलेले मिरी-मशरूम’ असे म्हटले तर तो मशरूमची आणि मिरीची चव घेतो.

प्रश्न : राजम्याचे मऊ कबाब करताना राजमा स्लो कुकरमध्ये शिजवला तर चालेल का? रात्रभर लावून ठेवणे सोयीचे पडते.

थेट कच्चा राजमा तिथे लावू नका. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते; त्याने काही तासांतच जोरदार उलट्या आणि जुलाब होतात. ते नष्ट व्हायला पाणी खळखळ उकळावे लागते, आणि स्लो कुकरचे तापमान तिथवर पोचेलच असे नाही. अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही त्रासदायक ठरू शकतो. तो निदान ५ तास भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात ३० मिनिटे खळखळ उकळा. त्यानंतर हवा तर स्लो कुकरमध्ये मऊ होऊ द्या. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो. दोन्हींपैकी कोणताही घेतला तरी कुस्करण्याआधी चाळणीत तासभर निथळा आणि कोरड्या पॅनमध्ये ५ मिनिटे परता, म्हणजे कबाब वळताना बेसन निम्मेच लागते.